७९५०एक्ससाठी हवेचा कूलर की लिक्विड? त्याच खोलीत माइकही आहे

माइकवाली:

नमस्कार मंडळी. नवीन मशीन जुळवायला घेतलंय. बाकी सगळं ठरलं, कूलरपाशी घोडं अडलंय.

आधी काम सांगते. मी शाळकरी मुलांसाठी विज्ञानाच्या छोट्या ॲनिमेशन फिल्म करते, ब्लेंडरमध्ये. साधे सीन ग्राफिक्स कार्डावर रेंडर होतात. पण पाण्याची आणि धुराची सिम्युलेशन्स प्रोसेसरच करतो, आणि एखादा जड सीन कार्डाच्या १२ जीबी मेमरीत मावला नाही की तोही प्रोसेसरच्याच गळ्यात पडतो. म्हणजे रात्र-रात्र सगळे कोअर पूर्ण भाराने चालणार. दिवसा त्याच खोलीत बसून मी फिल्मना आवाज देते. माइक टेबलावर, मशीन टेबलाखाली.

सामान असं: प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स (घेऊन झालाय, आता बदलणार नाही), आरटीएक्स ४०७० सुपर, ६४ जीबी रॅम, समोरून जाळी असलेलं कॅबिनेट. कॅबिनेटच्या माहितीत लिहिलंय की १७० मिमी उंचीपर्यंतचा कूलर बसतो आणि वरच्या बाजूला ३६० चा रेडिएटर (लिक्विड कूलरचा पंखे लावलेला पत्र्यांचा भाग) बसतो.

गाडी दोन नावांवर आलीये. हवेचा घेतला तर नॉक्टुआचा एनएच-डी१५, नाहीतर लिक्विडमध्ये आर्क्टिकचा लिक्विड फ्रीझर ३, ३६० वाला.

तुलनेचे तक्ते बघून डोकं भणभणलं. एका ठिकाणी लिक्विड पाच-सहा अंशांनी थंड दाखवलंय. दुसरीकडे दोन्ही कूलरपुढे ९५ अंश लिहिलंय. दोन्हींना ९५ कसे? मैत्रीण म्हणते, ९५ म्हणजे प्रोसेसर भाजतोय, डोळे मिटून लिक्विड घे. भाऊ म्हणतो, पाणी आणि वीज एकाच डब्यात ठेवायची हौस कशाला. दोघंही अगदी ठाम, आणि दोघांनीही आजवर एकही मशीन जुळवलेलं नाही.

मला तापमानापेक्षा आवाजाची धास्ती जास्त आहे. दुपारी खोली ३४-३५ अंशांवर जाते आणि माइक चालू असताना छताचा पंखासुद्धा बंद ठेवावा लागतो. जाणकारांनी सांगा.


पेचकस:

रॅमची उंची मोजा. हे पहिलं. बाकीचं त्यानंतर.

एनएच-डी१५ चा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि त्याच्याखाली ३२ मिमी जागा उरते. दिव्यांची झगमग असलेली रॅम सहज ४४-४५ मिमी भरते. मग पंखा तेवढा वर सरकवावा लागतो आणि १६५ मिमीचा कूलर १७७-१७८ वर जातो. तुमचं कॅबिनेट १७० ला संपतं. म्हणजे बाजूची काच बसणारच नाही. पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवलात तर ६४ मिमीपर्यंतची रॅम मावते आणि नुकसान दोन-तीन अंशांचं. तरी मोजा आधी. माझ्याकडे मशीन जुळवून घ्यायला येणारी माणसं प्रोसेसरचे सगळे आकडे तोंडपाठ करून येतात, आणि शेवटी अडतं ते काचेवर.

आता त्या ९५ चं.

हा प्रोसेसर असा बनवलाय की थंडावा शिल्लक दिसला की तो वेग वाढवून खर्चून टाकतो. कागदावर १७० वॅटचा, पण सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत ओढायची त्याला मुभा आहे. सगळ्या कोअरवर काम पडलं की तो वेग चढवत नेतो, आणि ९५ अंश, २३० वॅट किंवा विद्युतप्रवाहाची मर्यादा, यांतलं जे आधी येईल तिथे थांबतो. २०२२ मध्ये ही मालिका आली तेव्हाच एएमडीने सांगून टाकलं होतं की सतत ९५ वर चालणं रचनेतच धरलेलं आहे, त्याने आयुष्य कमी होत नाही. त्यामुळे भारी कूलर लावला तरी आकडा बऱ्याचदा ९५ च दिसतो, फक्त वेग किंचित वर जातो. ज्या तक्त्यांत पाच-सहा अंशांचा फरक दिसतो तिथे बहुधा वॅट आधी बांधून घेतलेले असतात. दोन्ही तक्ते खरे आहेत. तुमच्या मैत्रिणीला मात्र सांगा, भाजत वगैरे काही नाही.

म्हणून ७९५०एक्सवाल्याने कूलर निवडताना अंशांच्या मागे लागू नये. वॅट किती द्यायचे ते ठरवावं, आणि ते ठरवणं पूर्ण तुमच्या हातात आहे. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, कमी वॅटवर चालवायचा इको मोड असतो. तो १०५ वर ठेवलात की सॉकेटची मर्यादा १४२ वॅट होते. ६५ वर ठेवलात की ८८ वॅट. २३० वरून १४२ वर आणल्यावर रेंडरला लागणारा वेळ थोड्याच टक्क्यांनी वाढतो, कारण शेवटचे ऐंशी-नव्वद वॅट हा प्रोसेसर जवळजवळ उधळतो. ८८ वर मात्र चांगलंच जाणवतं, साधारण पाचवा हिस्सा वेग जातो. तुम्ही १४२ वर राहा. १४२ वॅट म्हटलं की चांगला टॉवर कूलर (एनएच-डी१५ सारखा उभा, हवेचा) कमी वेगाच्या पंख्यांवरही काम निभावून नेतो, आणि हवा की लिक्विड या भांडणातली हवाच निघून जाते.

आवाजाबद्दल. तुम्ही बोलत असता तेव्हा मशीन काय करत असतं? जवळपास काहीच नाही. एक ऑडिओचं सॉफ्टवेअर उघडं, बस. त्या वेळी एनएच-डी१५ चे पंखे बायोसमधून अगदी खाली आणता येतात, ३०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ३०० फेरे), आणि टेबलाखालून ते ऐकू येत नाहीत. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, म्हणून मोठे पंखे हळू फिरवणं कधीही फायद्याचं. लिक्विडमध्ये पंखे असेच हळू करता येतात, पण पंपाला सुट्टी नसते. मशीन चालू म्हणजे पंप चालू. चांगले पंप आज बरेच शांत आहेत, वेगही कमी करता येतो. तरीही राहतो तो एक बारीक सूर. हवेची सरसर सगळ्या पट्टीत पसरलेली असते आणि कानाला लगेच सवयीची होते. पंपाचा सूर एकाच जागी टोचतो. माझ्यासमोर असे पंप आलेत की मालकाला कधी ऐकू गेले नाहीत आणि त्याच्या मुलीला मात्र खोलीत पाऊल टाकताच ऐकू आले.

माझं मत हवेला. पण आधी रॅम.


माइकवाली:

पेचकस, किती नीट समजावलंत! रॅम अजून खोक्यातच आहे, संध्याकाळी पट्टी लावते.

दोन शंका. समजा रेकॉर्डिंग करताना मागे सिम्युलेशन चालू ठेवलं तर? कधीकधी मुदत डोक्यावर असते. आणि दुसरं, हवेचा कूलर जर इतका पुरतो, तर लोक लिक्विडच्या मागे का? सगळेच काही दिव्यांच्या झगमगाटासाठी घेत नसतील ना?


उष्मांक:

दुसऱ्या शंकेत मला रस आहे, म्हणून त्यात पडतो. ‘पाणी हवेपेक्षा उष्णता जास्त ओढतं’ हे वाक्य खरं आहे, पण ते अर्ध्यावर सोडून लोक खरेदीला निघतात.

पहिली गोष्ट, दोन्ही कूलर शेवटी उष्णता हवेलाच देतात. दुसरी, दोन्हींमध्ये द्रव असतो. टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्या आतून पोकळ असतात, हवा काढून सील केलेल्या, आत थोडंसं पाणी आणि भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. दाब इतका कमी की पाणी खोलीच्या तापमानालाच वाफ व्हायला तयार असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि केशाकर्षणाने भिंतीतून परत येते. पंप नाही, हलणारा भाग नाही. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हरने अशी नळी करून दाखवली, ती अंतराळातल्या वापरासाठी होती. आज ती बहुतेक लॅपटॉपमध्ये आहे.

आता आकडे. समजा लिक्विड कूलरमध्ये ३०० मिली पाणी आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात, म्हणजे ३०० मिलीला साडेबाराशे. प्रोसेसर २३० वॅट, म्हणजे सेकंदाला २३० ज्यूल ओततोय. रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही असं क्षणभर धरलं तरी पाणी दहा अंशांनी तापायला पाऊण-एक मिनिट लागेल. प्रत्यक्षात रेडिएटर काम करत असतो, त्यामुळे पाणी हळूहळू, काही मिनिटं घेत तापतं आणि मग एका पातळीला स्थिरावतं. किलोभर वजनाच्या टॉवरमधलं ॲल्युमिनियम आणि तांबं मिळून हाच साठा साधारण निम्मा असतो. म्हणून पाच-दहा मिनिटांच्या चाचणीत लिक्विड जरा जास्तच छान दिसतं. तुमचं काम रात्रभराचं. तिथे साठ्याचा उपयोग नाही, पाणी एकदा तापलं की तापलं. तिथून पुढे फक्त एकच गोष्ट मोजायची: पत्र्याचं क्षेत्रफळ आणि त्यातून जाणारी हवा. ३६० च्या रेडिएटरवर तीन पंखे आणि भरपूर पत्रा असतो, म्हणून तो जिंकतो. पाणी ही फक्त उष्णता तिथवर पोचवायची सोय.

आणि जिंकतो तरी किती? ७९५०एक्सच्या आत कोअर असलेल्या दोन चकत्या आहेत, प्रत्येकी ७० चौरस मिमीच्या आसपास. म्हणजे जवळपास २०० वॅट फक्त १४० चौरस मिमीतून बाहेर येतायत, बारा मिमी बाजूचा चौकोनसुद्धा भरत नाही. तिथून धातूचं जाड झाकण, मग उष्णता पुढे पोचवणारी पेस्ट, मग कूलरचा तळ. सगळ्यात मोठी अडचण इथेच, पहिल्या काही मिलिमीटरमध्ये आहे. टाकी कितीही मोठी बांधा, नळ अर्ध्या इंचाचाच असेल तर बादली त्याच वेगाने भरते. कूलर बदलून तुम्ही टाकी बदलता.

७८००एक्स३डी हा याच घराण्यातला प्रोसेसर थंड ठेवणं अवघड जातं, त्याचंही कारण हेच. त्यात जादा कॅश मेमरीची चकती कोअरच्या वर बसवली होती, म्हणजे उष्णतेच्या वाटेत. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या खाली नेली आणि वाट मोकळी झाली. कूलर तोच ठेवून फरक पडला तो असा.

खोली ३५ अंशांवर असेल तर दोन्ही कूलर त्या ३५ वर आपापला फरक चढवणार. लिक्विडला उन्हाळा कमी लागतो असं काही नसतं.


लहानडबा:

इथे सगळेच हवेत तरंगायला लागलेत म्हणून लिक्विडच्या बाजूने मी उभा राहतो. :)

माझं कॅबिनेट छोटं आहे. आत प्रोसेसरवर जेमतेम ७० मिमी उंचीचा कूलर मावतो, आणि आत आहे कोअर आय७-१४७००के. त्याची वरची मर्यादा २५३ वॅट. तो १०० अंशांपर्यंत जातो आणि मग वेग पाडतो. ७० मिमीचा चपटा कूलर त्याच्यापुढे काय करणार? दुसऱ्या बाजूला २४० चा रेडिएटर मात्र अगदी मापात बसतो. माझ्यासाठी लिक्विड म्हणजे उष्णता जिथे जागा आहे तिथे नेऊन टाकायची सोय. उष्मांक यांनी तेच लिहिलंय, फक्त उणा सूर लावून.

दुसरं, ग्राफिक्स कार्ड. माइकवालींचं ४०७० सुपर २२० वॅटचं आहे. टॉवर कूलर नेमका त्या कार्डाच्या वर बसतो आणि त्याचीच गरम हवा पितो. कार्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी तापत असतील तर वर लावलेल्या रेडिएटरलाही तीच हवा मिळते, हे मान्य. पण रेडिएटर समोर लावला तर प्रोसेसरला बाहेरची ताजी हवा मिळते. मग कार्डाला कोमट हवा जाते, पण कार्डाला ती सोसते.

तिसरं, वजन. एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३ किलोच्या वर जातो आणि उभ्या कॅबिनेटमध्ये तो मदरबोर्डला आडवा लोंबतो. मी मशीन गाडीत घालून चित्रीकरणाला नेतो. असला धोंडा लावून नेणार नाही.

चौथं, रॅमची उंची मोजत बसावं लागत नाही.

आणि आवाजाबद्दल: उष्मांक म्हणतात तो पाण्याचा साठा आवाजाला उपयोगी पडतो. प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी उडी मारतं. पाण्याचं मारत नाही. ज्या कूलरमध्ये पाण्याचं तापमान मोजायची सोय असते त्यात पंखे पाण्यावर बांधले की ते संथपणे चढतात आणि संथपणे उतरतात. टॉवरवाल्यांचे पंखे दिवसभर उसासे टाकत असतात, ते माइकला चालेल का?


पेचकस:

लहानडबा, तुमच्या डब्यात मीही लिक्विडच लावलं असतं. ७० मिमी आणि १४७००के म्हटल्यावर वादच संपला. वाहतुकीचंही पटलं.

पण दोन ठिकाणी अडवतो. उसासे टाकण्यावर बायोसमध्येच इलाज आहे. तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख असतो, त्याच्याशेजारी वेग बदलायला किती उशीर लावायचा याची सेटिंग असते, मदरबोर्डागणिक नाव वेगळं. ती काही सेकंदांवर नेली की क्षणभराच्या उड्यांकडे पंखे ढुंकून बघत नाहीत. शिवाय तळापासून सत्तर अंशांपर्यंत आलेख सपाट ठेवायचा. आणि पाण्याचं तापमान मदरबोर्डाला सांगणारे कूलर सगळेच नसतात. माइकवालींनी निवडलेल्या मॉडेलमध्ये ती सोय नाही.

रॅम मोजावी लागत नाही हेही अर्धंच खरं. लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे. बाकीचे बहुतेक २७ मिमीचे. त्याखाली २५ मिमीचे पंखे धरले की ६३ मिमी झाले. कॅबिनेटवाले ‘वर ३६० बसतो’ असं लिहितात तेव्हा लांबीबद्दल बोलत असतात. जाडीला तो मदरबोर्डच्या वरच्या हीटसिंकला (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) किंवा उंच रॅमलाच जाऊन टेकतो. म्हणजे पट्टी इथेही लागतेच.

माइकवालींचा पहिला प्रश्न कोणीच घेतला नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मागे सिम्युलेशन चालवायचंच असेल तर तेवढ्यापुरतं ८८ वॅटवर या आणि पंखे एका वेगावर बांधून ठेवा. ७००-८०० आरपीएमला टॉवर ते आरामात सांभाळतो, आणि आवाज एकसारखा राहतो. एकसारखी सरसर सॉफ्टवेअर सहज पुसतं. चढता-उतरता आवाज पुसायला गेलात तर तुमच्या गळ्याचाही जीव जातो.

आता भावाचं, पाणी आणि विजेचं. गळती होते, पण फार क्वचित, आणि लोक समजतात तसं लिक्विड कूलर मरत नाहीत. ते मरतात हळूहळू. रबराच्या नळीतून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षं थोडे थोडे निसटत राहतात, कितीही चांगली नळी असली तरी. जेवढं पाणी कमी झालं तेवढी हवा झाली. ती हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. म्हणून रेडिएटर वर लावला की बुडबुडा रेडिएटरच्या टोकाला निवांत पडून राहतो. रेडिएटर तळाला लावला तर पंप सगळ्यात उंच ठरतो, हवा पंपात अडकते, गुळगुळ सुरू होते आणि पंप कोरडा घासला जातो. असं एक मशीन माझ्याकडे ‘हार्ड डिस्क वाजतेय’ म्हणून आलं होतं. आत हार्ड डिस्कच नव्हती. समोर लावायचा असेल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहील एवढं बघा, आणि जमत असेल तर नळ्या खालच्या बाजूला येऊ द्या.

दुसरं मरण म्हणजे आतला गाळ. पंपाखालचा तळ तांब्याचा, रेडिएटर बहुतेकदा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकाच द्रवात ठेवले की गंज धरायला बघतो, म्हणून त्यात गंजरोधक घातलेलं असतं. ते कमी झालं की तळाच्या केसाएवढ्या खाचा चोंदतात. म्हणूनच हमी पाच-सहा वर्षांची असते, आणि मी ती तारीख म्हणजे कूलरचं वय धरून चालतो.

टॉवरचा पंखा बंद पडला तर? पंखा बदलायचा, विषय संपला. तोवर प्रोसेसर वेग पाडून का होईना चालत राहतो. पंप बंद पडला तर तळाजवळचं पाणी जागच्या जागी तापतं आणि मिनिटभरात प्रोसेसर मर्यादेला भिडतो. जळत नाही, स्वतःला वाचवतो. पण रात्री रेंडर लावून झोपलात तर सकाळी बंद मशीन बघायला मिळेल.


वाटसरू:

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे ६५ वॅटचा साधा प्रोसेसर आहे, ऑफिसचं काम आणि थोडे गेम. मला ३६० लिक्विडच घ्यायला सांगितलंय. घेऊ?


पेचकस:

नको. प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला कूलर चालवा. आवाज खटकला तर एक पंखा आणि चार नळ्यांचा साधा टॉवर.


माइकवाली:

रॅम मोजली. ४४ मिमी. पेचकस, तुम्ही काच फोडण्यापासून वाचवलीत.

आणि दुसरं सांगते. हा प्रोसेसर आत्ता एका ओळखीच्यांच्या मशीनमध्ये दोन दिवस बसवून बघितला, तिथे जुना, बऱ्यापैकी मोठा टॉवर आहे. माझाच एक सीन लावला. मोकळा सोडल्यावर ९५ ला जाऊन चिकटला आणि पंखे कर्कश. इको मोड १०५ वर केला तर तापमान सत्तरीच्या आसपास स्थिर आणि रेंडरला लागलेला जादा वेळ इतका किरकोळ की मला घड्याळ दोनदा बघावं लागलं. मैत्रिणीला फोटो पाठवलाय, तिचं उत्तर आलेलं नाही.

लहानडबा, तुमचा मुद्दा डोक्यात होता. पण माझं मशीन टेबलाखालून हलणार नाही आणि कॅबिनेट मोठं आहे. त्यात वरच्या जागेचं माप घेतलं तर ५५ मिमी भरलं. ६३ कुठून बसणार.

तर आता हवाच, पण एनएच-डी१५ एका पंख्यावर चालवण्यापेक्षा थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई घ्यावा असं वाटतंय. १५४ मिमी उंच, सात नळ्या, दोन पंखे. पुढचा पंखा रॅममुळे दहा-बारा मिमी वर सरकवला तरी १७० च्या आत राहतोय. बरोबर ना? आणि बसवताना काय सांभाळू?


लहानडबा:

५५ मिमीला २७ चा रेडिएटर बसला असता, एवढं नोंदवून गप्प बसतो.


उष्मांक:

१४२ वॅटला हा कूलर भरपूर आहे. हवेचंही एकदा बघून घ्या: कूलरमधून मिनिटाला १.७ घनमीटर हवा गेली तर १४२ वॅटने ती जेमतेम चार-साडेचार अंशांनी तापते. म्हणजे कूलरमधून हवा कमी जाईल ही भीती नाही. भीती आहे ती कॅबिनेटमध्ये तीच हवा फिरत राहण्याची. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं असलं की झालं. आणि टेबलाखाली मशीनच्या मागे भिंत चिकटलेली नको.


पेचकस:

माप बरोबर आहे. तरी पंखा वर सरकवण्याआधी एकदा रॅमवर नुसता टेकवून बघा. या कूलरचे पत्रे रॅमपासून थोडे मागे सरकवलेले आहेत, कदाचित फार उचलावा लागणार नाही.

बसवताना: मदरबोर्डसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या, पण मागची धातूची पाटी ठेवायची, या कूलरचे स्क्रू तिच्यातच बसतात. कूलरच्या तळावर पारदर्शक फिल्म असते, ती सोला. हसू नका, फिल्मसकट बसवलेले कूलर माझ्याकडे अजूनही येतात. या प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, पेस्ट जास्त झाली तर त्यात उतरते. नुकसान काही नाही, पण पुढच्या वेळी पुसताना जीव मेटाकुटीला येतो. मधोमध एक मोठा ठिपका आणि कोपऱ्यांकडे चार बारीक, एवढं पुरे. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे पिळा. एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा घ्यायचा नाही, तळ तिरका बसतो.

टॉवर लावायच्या आधी प्रोसेसरच्या विजेची वायर जोडून घ्या, तो वरचा आठ पिनांचा कोपरा. नंतर तिथे बोट जात नाही. दोन्ही पंख्यांची हवा मागच्या बाजूला जायला हवी. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

बायोस पहिल्यांदा उघडलात की विंडोज टाकायच्या आधीच इको मोड लावा. आणि एक, रात्रभराचं पहिलं रेंडर लावण्याआधी दिवसा तासभर तोच सीन चालवून तापमान बघा. दुपारी बघा, खोली ३५ वर असताना.